शेरा : समास सोडावा

सोम. ३० नोव्हेंबर १९९८
ऑफिसात मस्टरवर सही करायला गेले, तर टेबलावर छापखान्यातली कच्ची प्रत. ‘आपण जगाचे नागरिक : बारा पाठ’. लेखक आमचे हेडसर. कोटातला फोटोपण.
बाराच्या बारा पाठ माझे. तीन वर्षं शनिवारच्या शेवटच्या तासाला नववी ब ला शिकवलेले. नदीचं पाणी कुणाचं, लांब कुठंतरी युद्ध पेटलं की लक्ष्मीपुरीच्या बाजारात तेल का महागतं, आपली चप्पल परदेशात कशी जाते. दर सोमवारी पाठाची टाचण वही सहीला त्यांच्याकडे जाते. तिथंच क्लार्ककडून उतरवून घेतलं. स्वतः वाचायचेही कष्ट नाहीत. पाठ ४ मध्ये ‘वर्गाच्या दाराजवळचा गळका नळ दाखवावा’ हे तसंच छापलंय! नळ माझ्या वर्गाजवळचा. आता सगळ्या जिल्ह्यानं बघायला यायचं काय?
नंतरच्या तासाला आठवी अ ला काय शिकवलं, देवाला ठाऊक.

मंगळ. १ डिसें.
विचारलं. तोंडावर विचारलं.
‘‘मगदूम बाई, शाळेत केलेलं काम शाळेचं. आणि शाळा म्हणजे कोण?’’ स्वतःच्या छातीवर बोट. वर म्हणतात, ‘‘तुमचं नाव घालणार होतो की. पण मुखपृष्ठावर जागाच उरली नाही.’’
जागा उरली नाही. फोटोला उरली.
बघून घेते.

शनि. ५
हे वारणानगरहून आले. सगळं सांगितलं. म्हणाले, ‘‘सोड की आता. पगार चालू हाय न्हवं?’’
ताटात करपलेली भाकरी गेली. चुकून. (चुकून नव्हे.)

सोम. १४
आज एक गंमत केली. टाचणात घटक ‘वाळवंटे’, आणि शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात लिहिलं : ‘नकाशा, पृथ्वीगोल, अर्धा किलो चवळी, एक दुभती म्हैस’.
तीन वाजता वही परत. सही, शिक्का, ‘तपासले’.
स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले. पीटीचे सर म्हणाले, बाई, बरं हाय ना? म्हटलं, लई बरं हाय.

रवि. २७
सुट्टीला माहेरी, आईकडं, गडहिंग्लजला. अव्वाला सांगितलं. ती म्हणाली, भांडायचंच तर चारचौघात भांड, कोपऱ्यात कुढून आपलंच रक्त आटतं. अव्वा माझी. पण चारचौघात भांडायचं तर लेखी पुरावा पाहिजे. तोही हेडसरांच्याच हातचा.

सोम. ११ जानेवारी १९९९
लिहिलं. पानभर, बारीक अक्षरात, या कडेपासून त्या कडेपर्यंत. वर नेहमीसारखं घटक, उद्देश. आणि खाली –
‘‘ ‘आपण जगाचे नागरिक’ या पुस्तिकेतील बाराही पाठ सौ. शैलजा मगदूम यांनी स्वतः तयार केले व शिकवले. मुख्याध्यापकांनी ते या वहीतून उतरवून घेऊन स्वतःच्या नावाने छापले. हे मुख्याध्यापकांना मान्य आहे.’’
वही गठ्ठ्यात मधोमध घातली.
परत आली! खाली भली मोठी सही, गोल शिक्का, तारीख. आणि लाल पेननं शेरा : ‘तपासले. छान. समास सोडावा.’
आता माझा नाद करायचा न्हाय.

शनि. १६
चपलेचा पाठ घेतला. बारातला माझा सगळ्यात लाडका. कातडं कमावणारा कोण, तळ कापणारा कोण, वरची वेणी विणणाऱ्या बायका कोण, आणि परदेशी दुकानात शिक्का कुणाचा. शेवटी फळ्यावर नेहमीचे दोन प्रश्न : हात कुणाचे? नाव कुणाचं?
पोरं एका सुरात ओरडली. मला डोळ्यांपुढं फक्त कोटातला फोटो.
लता तेवढी गप्प होती. एरवी कुठल्याही पाठाला पहिला हात तिचा, आणि हिच्या तर घरी चपलांचंच काम. बरं नसेल.

सोम. १ फेब्रुवारी
शनिवारी दहाला प्रकाशन. शिक्षणाधिकारी येणार, बाकीच्या शाळांचे हेडमास्तर येणार. फेटे, हलगी, लेझीम. आभार मानायचं काम कुणाला दिलंय? मला! म्हणाले, ‘‘आवाज चांगला हाय तुमचा.’’
हाय की. ऐका.
असं करीन. पाहुण्यांचे आभार, मंडपवाल्याचे आभार, हलगीवाल्याचे आभार. मग म्हणीन, आमच्या हेडसरांचे शब्द त्यांच्याच सहीनिशी वाचते. सावकाश वाचीन. शेवटी शेरासुद्धा. तेव्हा त्यांच्याकडं बघायचं. फेटा मला गळून पडलेला दिसतोय.
तीनदा आरशासमोर म्हणून बघितलं. गोड लागतंय. बासुंदी खाल्ल्यासारखं.

शुक्र. ५
पुस्तिका पोरांना वाटल्या. मधल्या सुट्टीत लता आली. हातात पुस्तिका, नववं पान.
‘‘बाई, ह्यात माझ्या आईचं नाव न्हाय.’’
म्हटलं, अगं, माझंपण न्हाय. थांब, उद्या गंमत बघ.
ती तशीच उभी. ‘‘आई आलती की वर्गात, दोन वर्षांमागं. मी सातवीत हुते, नववीच्या दारात उभी राहून बघितलं. तिनं खाली बसून चपलेची वेणी घालून दाखवली, सगळं सांगितलं. तुम्ही तिला म्हणालता, हा पाठ तुमचा हाय. आई घरी येऊन सगळ्यांस्नी सांगत हुती.’’
म्हणाले होते. आठवलं. चटई मीच आणून दिलेली. ‘हात कुणाचे, नाव कुणाचं’ हेसुद्धा तिचंच. बोलता बोलता म्हणाली, नि मी खडू उचलून फळ्यावर लिहिलं.
कपाटातून जुनी टाचण वही काढली. तो पाठ. ‘शिक्षिका चपलेचा प्रवास सांगते.’
शिक्षिका सांगते. बस्स. पुढची दोन वर्षंही तेच उतरवलंय, माझ्याच हातानं. क्लार्कचीसुद्धा गरज लागली नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. वाटेत लक्षात आलं की मला तिचं नाव माहीत नाही. लताची आई, एवढंच.
मला बघून घाबरली. ‘‘काय झालं वं बाई? पोरीनं काय केलं काय?’’
म्हटलं, काही नाही. तुमचं नाव विचारायला आले.
‘‘माझं? कशाला?’’ हातातली वेणी खाली ठेवली. ‘‘रेशनकार्डावरचं सांगू का माहेरचं?’’
म्हटलं, दोन्ही सांगा.
सासरचं सांगितलं. मग हळूच, ‘‘माहेरी सोना म्हणायचे.’’ आणि एकदम हसली. ‘‘पुस्तकात येणार व्हय?’’
काय सांगायचं? म्हटलं, उद्या दहाला शाळेत या.
घरी येऊन ते पान काढलं. म्हटलं, लिहून टाकावं तिचं नाव, सहीच्या वर. कडेपासून कडेपर्यंत मीच भरून टाकलंय. बोटभर जागा नाही. ‘बाराही पाठ सौ. शैलजा मगदूम यांनी स्वतः तयार केले.’ स्वतः. माझंच अक्षर.

शनि. ६
सकाळची शाळा. स्टाफरूममध्ये बसून लिहितेय. साडेनऊ.
खाली हेडसर फेटा बांधून घेतायत. मान अशी वर, नवरदेव जणू. बघून अजून तळपायाची आग मस्तकात जाते. सोडावंसं वाटत नाही, खोटं कशाला लिहू? पान पर्समध्ये आहे.
पण हे पान वाचलं तर तिचा पाठ माझ्या नावावर, सही-शिक्क्यासकट. आणि आधी माझी चूक सांगितली तर हा माणूस माइकवर येऊन हसणार : ‘‘बघा, बाई पण तेच करतात की!’’ सगळी पोरं ऐकणार. दोन महिने धार लावून ठेवलेलं बोथट होणार.
हलगी सुरू झाली.
खिडकीतून फाटक दिसतं. सोनाबाई आल्यात. इस्त्रीची साडी, पदर डोक्यावर, आत यायचं की नाही कळेना म्हणून फाटकाशीच उभ्या. लता त्यांचा हात धरून ओढतेय, पहिल्या रांगेकडं.