भिंतीची रांगोळी

धुळे, २८ ऑगस्ट १९६८

आज दळणाचा दिवस. ज्वारीचा पत्र्याचा डबा हे वाकवून देतात, मी टोपली धरते. लग्नापासूनची पद्धत. आज डबा वाकवला, सरळ केला आणि त्याच्यावरच बसले. तोंडाने श्वास घेत होते, धावून आल्यासारखा.

मी म्हटलं, "अहो, काय होतंय?"

"काही नाही. घशात रांगोळी गेली असेल. गूळ आण."

गूळ दिला. खोकला श्रावणापासून आहे. जिन्यात मध्ये थांबतात आणि मला दिसू नये म्हणून कठडा तपासल्यासारखं करतात.

३१ ऑगस्ट

मागच्या खोलीत आज दिवसभर चक्की. दिवाळीसाठी शेठजींची मागणी आहे, बारा पोती रांगोळी. शिरगोळ्याचा दगड फोडायचा, दळायचा, वस्त्रगाळ करायचा. खोलीत पांढरं धुकं. आत कामाला येणारी काशी आणि हे, दोघांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. हे निवृत्त झाल्यावर हौसेनं सुरू केलेलं काम. रिकामे बसले की खचतात, म्हणून मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं.

ट्रंकेतून माझी शाळेतली पाटी काढली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लारा खिडकीच्या चौकटीवरून पांढरा रुमाल फिरवायच्या आणि तो ज्या मुलीला दाखवायच्या तिनं चौकट पुन्हा पुसायची. पाटीला तेलाचं बोट फिरवलं नि स्वयंपाकघरात, फळीवर ठेवली. चक्कीपासून दोन खोल्या लांब.

संध्याकाळी पाटीवर बोटानं माझं नाव लिहिता आलं.

१ सप्टें.

रात्री पाटी पुसून ह्यांच्या उशाशी ठेवली होती. सकाळी तिथंही पांढरी. चक्की तर काल सहालाच बंद झाली. मग ही आली कुठून? कपड्यांतून, केसांतून.

ह्यांना दाखवली. म्हणाले, "आता इन्स्पेक्टरीण हो तू." हसताना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी पाटी हातात धरून उभी.

४ सप्टें.

काशीला विचारलं, तुला त्रास होतो का गं?

"मना खोकला जुना शे, अक्का. गुय खादा का बठ्ठं खाले उतरी जास."

तिचा नवरा सोनगीरकडच्या खाणीवर दगड फोडायचा. कशानं गेला ते आजवर मी विचारलं नव्हतं. चार वर्षं आपल्या घरी येते ही बाई. आज विचारलं.

"खोकलानी. आखरीले तेन्या छातीमा दगडच व्हयेल व्हता."

भांडी विसळता विसळता सांगितलं. गूळ तोही खायचा, रोज.

९ सप्टें.

दगडावर पाणी मारून दळायचं ठरवलं. हे तयार नव्हते, मी हट्ट धरला. एक घमेलं झालं. वाळवल्यावर ढेकळं. ह्यांनी चिमूट घेऊन ओट्यावर रेघ ओढली, ती तुटक तुटक पडली.

"रांगोळी बोटांतून सुटली पाहिजे. ही काय, मीठ आहे?"

"श्वास सुटला पाहिजे आधी."

मी बोलून गेले. जेवताना त्यांनी भाकरी अर्धी ठेवली.

११ सप्टें.

दारावर ओली पोती टांगली. चाळणीवर ओलं फडकं. दोघांना मलमलीच्या चौपदरी पट्ट्या शिवून दिल्या, नाकातोंडावर बांधायला. कपडे मागच्या दाराशीच उतरवायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं, मगच घरात. काशीनं पट्टी बांधली नि आरशात बघून म्हणाली, "दरोडा टाकाले निंघनू जशी." हसलो. पुष्कळ दिवसांनी.

पण खिडक्या बंदच.

१२ सप्टें.

खिडक्यांचं लिहायलाच हवं. ते मीच केलं.

दोन वर्षांमागे चक्की नवी होती, खिडक्या सताड उघड्या असायच्या. एकदा बंद राहिल्या. दुसऱ्या दिवशी भिंतींवर जे बसलं होतं ते मी मऊ कुंचल्यानं झाडून घेतलं. दळून, गाळूनही मिळणार नाही अशी बारीक! दारात हंस काढला, त्याच्या पंखांच्या रेघा केसासारख्या उतरल्या. शेजारणी बघायला आल्या. मीच म्हटलं, अहो, खिडक्या लावत जा, चांगली ती सगळी उडून जाते. तेव्हापासून 'भिंतीची रांगोळी' वेगळी बांधतो. शेठजी आधी तीच मागतात.

जी तरंगते ती सगळ्यात बारीक. आणि ती तरंगत असताना हे त्याच बंद खोलीत श्वास घेत होते. माझ्या हंसासाठी.

आज सगळ्या खिडक्या उघडल्या. हे "अगं, माल चालला" म्हणाले. जाऊ दे म्हटलं.

१८ सप्टें.

उशाशी पाटी, जवळजवळ काळी. शेजारच्या वहिनी मात्र त्यांची वाळत घातलेली, पांढरी झालेली लुगडी दाखवायला आल्या. "आमच्याकडे रोज दिवाळी!" त्यांच्या कडेवर नात. मी खिडक्या लावल्या. मग पुन्हा उघडल्या. मग चक्कीच दुपारपुरती बंद करायला लावली. कुठे पाठवू ही धूळ?

खोकला तसाच.

२४ सप्टें.

काल जळगावला गेलो. अमळनेरपर्यंत हे खिडकीशी बसून कापसाची शेतं दाखवत होते, नंतर झोपले. छातीचा फोटो काढला. आज डॉ.नी तो उजेडावर धरला. काळ्यावर पांढरे ठिपके, दोन्ही बाजूंना.

"काम काय करता?"

ह्यांनी सांगितलं.

"क्षय दिसत नाही. पण म्हणून निश्चिंत होऊ नका. ह्याला औषध नाही. जे आत गेलं ते गेलं. आणखी जाऊ देऊ नका. चक्की बंद."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "ठिपके मांडून झालेत. रेघा तेवढ्या ओढायच्या राहिल्या."

मी स्टँडवर, लोकांदेखत, त्यांचा हात धरला. असा कधी धरला नव्हता.

२७ सप्टें.

"दिवाळी होऊ दे, मग बंद. शब्द दिलाय शेठजींना." सहा पोती बाकी.

काशीला फोटोचं सांगितलं. म्हटलं तूही काढून घे, मी नेते तुला. ती म्हणाली, "फोटू काढीसन काय करू? काम बंद व्हयनं तं आम्ही काय खासूत, अक्का?"

घरातली धुणीभांडी दोन्ही वेळची तिलाच देईन म्हटलं. तेवढ्यानं भागत नाही, हे तिला ठाऊक आहे. मलाही.

१ ऑक्टो. दसरा

चक्कीची पूजा. दरवर्षीप्रमाणे ह्यांनी मोटारीचा पट्टा काढला, पुसला, पाटावर ठेवला. मी हळदकुंकू, झेंडू वाहिला. आज चक्की चालवायची नसते. उद्या सकाळी पट्टा पुन्हा चढवायचा.

हे सोनं वाटायला बाहेर गेले. मी पाटावरून पट्टा उचलला, ज्वारीच्या डब्यात खोल खुपसला, वरून ज्वारी सारखी केली. मागे काशी उभी.

२ ऑक्टो.

"पट्टा कुठं गेला गं?"

"मला काय माहीत?"

चौतीस वर्षांत ह्यांच्याशी पहिलं खोटं. सिस्टरनी बाकावर उभं केलं असतं.

पाटाखाली, ट्रंकेमागे, माळ्यावर शोधलं. माळ्यावरून उतरले ते उंबऱ्यावर बसले. छातीतून बारीक शीळ ऐकू येत होती. काशीनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, ही सांगते आता. पण ह्यांना म्हणाली,

"आज ना उद्या सापडी जाई, नाना. तवलोंग बठा."

बसले. माझ्याकडे पाहत होते.

उशाशी पाटी आज स्वच्छ काळी. हे घरात बसून खोकतात.

पीठ संपलं आहे. उद्या दळणाचा दिवस. डबा हे वाकवतील, टोपली मी धरीन.