पहाटेपर्यंतची भूल

११ ऑगस्ट, सोमवार

निपाणीहून वीरेंद्रचा फोन. धाकटा भाऊ, पण फोन करतो तो दिवाळीलाच, तोही चोरून. म्हणून आधी वाईटच मनात आलं. आई परसात घसरली. उजवं मनगट मोडलंय, प्लेट घालावी लागणार. "आक्का, तुझ्याच हॉस्पिटलात आणतोय बेळगावला. तिला अजून सांगितलं न्हाय." छान! म्हणजे ते कामही माझ्याच गळ्यात.

तिच्या मनाविरुद्ध रविराजशी लग्न केलं तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. अनगोळच्या आमच्या घराचा उंबरा तिनं पाहिलेलाही नाही.

१२ ऑगस्ट

पेशंट दाखल. केसपेपरवर आईचं नाव लिहिलं, प्रेमला. मला पाहून म्हणाली, "हितंच हाईस व्हय." एवढंच. पण तेवढं तरी!

अडचण वेगळीच निघाली. आम्ही जैन. चातुर्मास चालू आहे, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. मग रात्री दुखण्याची गोळी कुठली? म्हटलं, सलाईनमधून देऊ. "सुईतनं गेलं तरी अंगातच जातंय की! नियम म्हंजे नियम." वाद घातला नाही. हा हट्ट मला चांगला ठाऊक आहे, माझ्यातही उतरलाय.

म्हणजे रात्र काढायची ती फक्त हाताच्या भुलीवर. गळ्याखालच्या हाडामागे नसांभोवती औषध सोडलं की हात बधिर होतो. पण ते रात्री उतरतं, आणि कळ उठते ती नेमकी तेव्हाच. त्यात थोडं डेक्सामेथासोन — स्टेरॉइडच ते — मिसळलं तर बहुतेकांचं पहाटेपर्यंत निभतं. बहुतेकांचं! नसांपाशी वापरा असं बाटलीवर छापलेलं नाही, साखर वाढू शकते, हात जास्त वेळ लुळा राहतो. सगळं समजावून सांगितलं. "तुझी तू बघ," म्हणाली.

आपल्या माणसाला मी टोचणार नाही. स्वरूप देईल. तोही भूलतज्ज्ञ, हात माझ्याहून हलका.

१३ ऑगस्ट

हाताच्या भुलीचा ब्लॉक उत्तम. डेक्सा घातलं. पेशंट ऑपरेशनभर जागी, ओठांत णमोकार. प्लेट नीट बसली. साखर किंचित वर, काळजीचं नाही.

संध्याकाळी विचारत होती, "हात कुठं गेला गं माझा? दुसऱ्याचाच वाटायलाय." बोटाला चिमटा काढला. कळलाच नाही. वा!

१४ ऑगस्ट

रात्री ड्यूटी नव्हती, तरी थांबले. बधिर हात कॉटवरून घसरतो, तो उशीवर ठेवायचा असतो. ठेवला. मग सोडलाच नाही. बँडेजबाहेरची बोटं धरून बसले. तिला कळणार नव्हतं, म्हणून तर धरली! हात शुद्धीवर असता तर माझी हिंमत झाली नसती. बोटं पूर्वीसारखीच आहेत, खरखरीत. मला रडू आलं. आवाज केला नाही.

पेशंट डोळे मिटून पडलेली. रात्रभर हूं नाही की चूं नाही. उजाडल्यावर दूध घेतलं, मग गोळी.

स्वरूपला सांगितलं, डेक्सा जिंकलं! केसपेपरवर लिहिलं: भूल पहाटेपर्यंत टिकली, वेदना शून्य.

१५ ऑगस्ट

लष्कराच्या कॅम्पातून सकाळी बँडचा आवाज. बोटं हलताहेत. पेशंट माझ्याशी पुन्हा मोजकंच बोलते. उद्या घरी.

१६ ऑगस्ट

वीरेंद्र गाडी पुढं आणायला गेला, तेवढ्यात आई म्हणाली, "त्या राती हात मध्यरातीच जागा झालता गं. लई ठणकत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"हूं म्हटलं असतं तर तू हात सोडला असतास."