सुनंदाची तीन वाक्ये

बोरी, मंगळवार, संध्याकाळ

शेतकरी गटाच्या एआय मदतनिसासाठी बाजारभावाच्या साधनाचे वर्णन मी लिहिले होते: ‘शेतकऱ्याच्या घामाला न्याय देणारा आवाज.’ कोणत्या प्रश्नाला कोणते साधन वापरायचे, हे मदतनीस अशी वर्णने वाचूनच ठरवतो. आज एकाने तुरीचा भाव विचारला, तर मदतनिसाने पावसाचा अंदाज सांगितला. कार्यालय सांभाळणाऱ्या सुनंदाने माझी ओळ खोडून लिहिले: ‘पिकाचा आजचा भाव सांगते. पिकाचे नाव द्यावे. पावसासाठी वापरू नये.’ लगेच भाव आला.

“भाऊ, तुमची ओळ लय भारी हाय, पण त्यात भाव कुठं हाय?” ती म्हणाली. कार्यालयातले सगळे हसले. उरलेली वर्णनेही आता तीच लिहिणार.

सभा गाजवणारा मी, आणि जळतोय तीन वाक्यांवर! ‘पावसासाठी वापरू नये.’ एवढे मला का सुचू नये?

उद्याचे भाषण तिला दाखवू? नको. अर्धे खोडेल. आणि बरोबर तेच खोडेल.