दुसरी चिठ्ठी

पासिर रिस,
शनिवार, १८ मे २०१९

प्रिय ऋता,

एकाच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बापाने मुलीला पत्र लिहावं, हे तुला विचित्र वाटेल. मलाही वाटतंय. पण गेल्या रविवारपासून तीनदा तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आलो आणि तिन्ही वेळा ‘दूध संपलंय का’ असलं काहीतरी विचारून परत फिरलो. म्हणून आज सकाळीच वही घेऊन समुद्राकाठच्या आपल्या बाकावर येऊन बसलोय. आईने कान धरून शिकवलेलं मराठी आणि शाळेतलं हिंदी, एवढ्यावर तुला हे वाचता येईल. एखादा शब्द अडला तर सोडून दे, पण शेवटपर्यंत वाच.

आधी बातमी. पर्थच्या युनिव्हर्सिटीची पुन्हा मेल आली आहे, समुद्री जीवशास्त्राची जागा हवी की नको ते शुक्रवारपर्यंत कळवायचंय. इथल्या लॉच्या जागेची मुदतही त्याच दिवशी संपते. तीन आठवडे दोन्ही पत्रं फ्रिजवर शेजारी शेजारी लावलेली आहेत आणि तू त्यांच्यासमोर उभी राहून पाणी पितेस नि निघून जातेस. विचारलं की इथल्या बोलीतला ‘लाह’ लावून एकच उत्तर, ‘यू डिसाइड लाह, बाबा.’ शुक्रवारी दोन्ही जागा हातच्या जातील आणि तू तेही शांतपणे होऊ देशील, अशी मला भीती वाटतेय. म्हणूनच रविवारी हॉकर सेंटरमध्ये जेवायला बसल्यावर मी गमतीने म्हटलं, चल, घरच्या पद्धतीने देवापुढे चिठ्ठ्या टाकू, तू उचल. आणि तू समोरचे नूडल्स तसेच टाकून उठलीस. पुढे बसस्टॉपवर तू जे बोललीस त्याकडे मी येतोच. आधी थोडं मागचं सांगू दे, कारण मागचं सांगायला मी साडेसात वर्षं टाळाटाळ केली आहे.

चिठ्ठ्यांची पद्धत माझ्या वडिलांची, दादांची. घरात दोन मतं झाली की दोन चिठ्ठ्या लिहायच्या, देवापुढे ठेवायच्या आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाने एक उचलायची. ती निघाली की वाद संपला. दुसरी चिठ्ठी मात्र कधीही उघडायची नाही, ती निर्माल्याबरोबर जायची. उघडून बघणं म्हणजे देवाची उलटतपासणी, असं दादा म्हणायचे. तुझं नाव असंच ठरलं, नाहीतर तू गार्गी असतीस. हा फ्लॅटही असाच ठरला. आईला चोआ चू कांगमधला आवडला होता आणि मला ऑफिसजवळ, चांगी बिझनेस पार्कपाशी राहायचं होतं. तू सात वर्षांची होतीस, परकर सावरत पाटावर बसलीस आणि पासिर रिस काढलंस. आई एका शब्दाने कुरकुरली नाही. दुसऱ्या दिवशी तीच पडद्यांची मापं घ्यायला आली. तेव्हाच्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या, हे लिहून ठेवतो.

दोन हजार अकराच्या डिसेंबरात चार दिवस कुठे जायचं, यावरून पुन्हा दोन मतं झाली. आईला बँकॉक हवं होतं. तुझी शैलामावशी, आईची पुण्यातली कॉलेजमधली मैत्रीण, नवऱ्याच्या बदलीमुळे वर्षभरासाठी तिथे आली होती. बारा वर्षांत दोघींची भेट नव्हती. तिच्यासाठी आईने लिंबाचं लोणचं घालून बरणीला फडकंसुद्धा बांधून ठेवलं होतं. मी हनोई म्हणत होतो. थंडी असते, तळं आहे, जुन्या गल्ल्या आहेत, ऋताला स्वेटर घालायला मिळेल, असं काय काय सांगत होतो. एका शनिवारी देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या नोव्हेंबरच्या पानाच्या मी दोन पट्ट्या फाडल्या आणि मीच लिहिल्या. तू उचललीस. हनोई. तू टाळ्या पिटल्यास. आई हसली, तुझ्या पाठीवर थोपटलं आणि आत जाऊन शैलाला फोन केला, ‘अगं, देवाने कौल दिला नाही, पुढच्या वर्षी नक्की.’

हनोईत तिसऱ्या दिवशी मी तुम्हां दोघींना हॉटेलात सोडून निघालो. ऑफिसचं छोटंसं काम आहे, दोन तासांत येतो, म्हणालो. तुम्ही तळ्याभोवती फिरा, कंटाळा आला तर खरेदी करा. आईला तिथले रस्ते ओलांडायची धास्ती वाटायची. थांबायचं नाही, सावकाश चालत राहायचं, स्कूटरवाले आपल्याला चुकवून जातात, हे मीच तिला पहिल्या दिवशी हात धरून शिकवलं होतं. त्या दिवशी हात धरायला मी नव्हतो. तू लोकरीच्या टोप्या बघत फुटपाथवर होतीस आणि ती समोरच्या दुकानातून तुझ्यासाठी गरम दूध आणायला निघाली. ती थांबली नाही, सावकाश चालत राहिली. समोरून आली ती स्कूटर नव्हती, ट्रक होता. माझा फोन मीटिंगसाठी बंद होता. चालू केला तेव्हा हॉटेलचे सतरा मिस्ड कॉल होते. हॉस्पिटलच्या बाकावर हॉटेलातली रिसेप्शनची मुलगी तुझा हात धरून बसली होती आणि तुझ्या मांडीवर ती नवी टोपी होती. तू रडत नव्हतीस. त्यानंतरही रडली नाहीस.

मला वाटलं, पोरगी धीराची आहे. किती सोयीचं होतं ते मला! पुढे तू समंजस होत गेलीस तसा मी आणखीच निवांत झालो. जेवायला काय हवं? ‘एनिथिंग लाह.’ बूट कुठले? दुकानदार दाखवेल ते. कॉलेजचे विषय? टीचर म्हणतील ते. एकदा तुझ्या वाढदिवसाला दोन केकांतला एक दाखव म्हटलं, तर तुझे ओठ पांढरे पडले होते, आणि मी समजलो की तुला बरं नाही. पुण्याच्या फोनवर मी कौतुकाने सांगायचो, आमची ऋता कसला म्हणून हट्ट करत नाही. आईविना वाढलेलं मूल हट्ट का करत नाही, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. ऑफिसात माझं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधण्यात गेलं, आणि घरात हे.

रविवारी बसस्टॉपवर तू पाकीट उघडलंस आणि बसच्या ईझी-लिंक कार्डामागून एक घडी काढून माझ्या हातावर ठेवलीस. पिवळी पडलेली कॅलेंडरची पट्टी. माझं अक्षर, निळं पेन, हनोई. ट्रिपच्या वहीत चिकटवायला म्हणून तू ती तेव्हा ठेवून घेतली होतीस. ‘आय पिक्ड इट, बाबा,’ तू म्हणालीस. ‘दुसरी उचलली असती तर आई बँकॉकला गेली असती.’ एवढं बोलून तू पट्टी परत घेतलीस आणि आलेल्या बसमध्ये एकटीच चढलीस. मी पुढच्या तीन बस सोडल्या. तेव्हाच, तिथेच तुला सांगायला हवं होतं.

आता ऐक. त्या वर्षी आमच्या बँकेतली माणसं कमी करणार होते आणि यादीत माझं नाव असल्याची कुणकुण मला लागली होती. तेव्हा आपण पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, नव्हतो. नोकरी गेली की इथे राहायचा पास रद्द, आणि महिन्याभरात फ्लॅट, शाळा, सगळं गुंडाळून परत. आमचे वरचे साहेब चंद्रशेखर त्या आठवड्यात हनोईत असणार होते. तिथे सहज भेटल्यासारखं करून त्यांना गळ घालावी, असा माझा बेत होता. हे मी आईला सांगितलं नाही. लाज वाटली. सांगितलं असतं तर तिने लोणच्याची बरणी फडताळात ठेवली असती आणि स्वतःच हनोईच्या बॅगा भरल्या असत्या. दुसऱ्या रस्त्याने गेली असती, दुसऱ्या वेळी गेली असती, निदान मी कुठे आहे ते तिला ठाऊक असतं. साहेबांनी मला बारा मिनिटं दिली. बघू म्हणाले. पुढे नोकरी टिकली ती दुसऱ्याच कारणाने.

हनोईची तिकिटं मी चिठ्ठ्यांच्या दोन दिवस आधीच काढली होती. तू उचलल्यावर आई नेहमीप्रमाणे दुसरी चिठ्ठी फुलांबरोबर गोळा करायला वाकली, आणि चोराच्या मनात चांदणं, मी ती जवळजवळ हिसकावून घेतली. ‘मी टाकतो,’ म्हणालो. टाकली नाही. निर्माल्यात टाकायची हिंमत झाली नाही आणि नंतर फाडायचीही झाली नाही. देव्हाऱ्याखालच्या खणात, कापराच्या डबीत ती आजवर पडून होती. ती या पाकिटात आहे, कापराचा वास येईल. तुझ्याकडची पट्टी काढ, ही उघडून तिच्याशेजारी ठेव. हिच्यावरही हनोईच लिहिलंय. तू पाटावर बसलीस तेव्हा बँकॉक तिथे नव्हतंच, ऋता. डावी उचलली असतीस तरी हनोई, उजवी उचलली असतीस तरी हनोई. दहा वर्षांच्या मुलीचा हात मी वापरला आणि साडेसात वर्षं तुला त्या हाताची भीती वाटू दिली. तुझ्या आईला तू नेलं नाहीस, मी नेलं. फ्रिजवरची दोन पत्रं मात्र वेगवेगळी आहेत, मी दोन्ही पुन्हा वाचून खात्री केली आहे. त्यांतलं कुठलं ठेवायचं ते मी सांगणार नाही, देवही सांगणार नाही. हे तुझ्या टेबलावर ठेवून मी परत याच बाकावर येऊन बसतो. माझं तोंड बघायची इच्छा झाली तर ये. झाली नाही तर नको येऊस, पण शुक्रवारी उत्तर पाठव.

तुझाच, तू अजून म्हणू देत असशील तर,
बाबा