चांदभाईंकडची फटफटी

अहो,

भाकरी टोपलीत आहेत, पिठलं चुलीवर झाकून ठेवलंय. मी बाळीला घेऊन खेडला माहेरी आबांकडे जातेय.

गॅरेजवाल्या चांदभाईंकडची जुनी फटफटी घ्यावी की नको, म्हणून आठवडाभर तुमच्या जिवाला घोर होता. म्हटलं, उद्या दसरा. आपणच चाकणला जाऊन तिला हळदकुंकू लावून यावं, म्हणजे तुमचं मन ठरेल. सकाळी कांद्याच्या ट्रकमधून गेले.

चांदभाई हसायलाच लागले. म्हणाले, "भाभी, रंगरावांनीच ठेवायला दिलेली गाडी ते विकत कशी घेणार? दोन वर्षं झाली, पुराच्या दुसऱ्या दिवशी आणली होती. आता घरी न्यायची म्हणाले, म्हणून काळा रंग दिला."

रंग नवा आहे. सीट तीच आहे. ज्योतीरामदादासाठी मी दाभणानं शिवलेली, डावीकडचे चार टाके वाकडे.

आबांच्या पायांना हात लावून तुम्ही सांगितलं होतंत, की दादा गाडीसकट इंद्रायणीत वाहून गेला, तुम्ही काठावरून बघितलंत. गाडीला साधा पोचा नाही.

गाडी कुणालाही द्यायची नाही, असं चांदभाईंना बजावून आलेय. आबांना बरोबर घेऊनच परत येईन. तोवर कुठं जाऊ नका.

भाऊ नाही म्हणून दोन भाऊबिजा मी चंद्राला ओवाळलं. दोन्ही वेळेला निरांजन विझू नये म्हणून तुम्हीच शेजारी उभं राहून हाताचा आडोसा धरला होतात.

रुक्मिणी