डाव्या पानावरची ओळ

प्रिय आई,

सहा महिने झाले, रोज उद्या लिहितो म्हणतोय. बेकरीतलं काम सुटलं, मग बोटीवर दोरखंड ओढायला गेलो, तिथे एका खलाशाने पत्ते शिकवले... ते राहू दे, तो विषय निघाला की ताईचं सांगायचं राहूनच जाईल. सध्या मी ताईच्या नाटकमंडळीत प्रॉम्प्टर आहे. हसू नकोस. शाळेत धडा वाचता वाचता ज्याला डुलकी लागायची, तो पडद्याआड उभा राहून नटांना विसरलेली वाक्यं सांगतो.

ताई घरातून निघाली तेव्हा बाबा म्हणाले होते, "दुसऱ्याची वाक्यं बोलून पोट भरणार असशील, तर या घरात बोलायला येऊ नकोस." हे कोण म्हणतंय, तर जन्मभर कोर्टाबाहेर बसून दुसऱ्यांचे अर्ज टाइप करणारा माणूस. पण त्यांना कोण सांगणार? अकरा वर्षं झाली त्याला. पहिली दोन वर्षं ताईने तबक घेऊन यायचं आणि जायचं, एवढंच काम. मग चोविसाव्या वर्षी केसांना पांढरी पावडर लावून म्हातारी झाली आणि असं काही रडवलं, की इथला सदा तोंड वाकडं करून बसणारा तिकीटवालासुद्धा खिडकी सोडून आत येऊन उभा राहायला लागला. पुढे मोठ्या भूमिका, बक्षीस, सगळं तुला ठाऊक आहे. पेपरातली कात्रणं तू पिठाच्या डब्यामागे ठेवतेस, ते मी कधीच पाहिलंय.

पेपरात न आलेलं सांगतो. ताई कविता करते. तिच्या संवादांच्या वहीत डावं पान कोरं असतं, त्यावर पेन्सिलीने लिहिते. कुणाला दाखवायची नाही. तीन महिन्यांपूर्वी माझी वही बसमध्ये राहिली (ओरडू नकोस), म्हणून तिचीच घेऊन उभा राहिलो. दुसऱ्या अंकात ताई थांबली. ते थांबणं ठरलेलंच होतं, पण मी नवखा, मला वाटलं विसरली. घाबरून दिसेल ते वाचलं, आणि तेही नेमकं डाव्या पानावरचं: "मी निघाले तेव्हा दार कुणी लावलं नाही, ते अजून वाऱ्यावर आपटतंय."

ताईने माझ्याकडे जे पाहिलं ना, मी बोटीवर परत जायची तयारी केली. पण ती प्रेक्षकांकडे वळली आणि ती ओळ बोलली. थांबली नाही, पुढच्याही चार बोलली. मग टाळ्या, किती वेळ ते विचारू नकोस. नाटककार त्या दिवशी तिसऱ्या रांगेत होता. तो तरातरा आत आला तसा मी पडद्याच्या घडीत शिरलो. ही ओळ मी लिहिलेली नाही, कुणाची आहे, असं त्याने विचारलं. ताई म्हणाली, "माझी." मान खाली न घालता. त्यावर तो म्हणाला, मग बाकीच्या कुठे आहेत?

त्या बाकीच्या आज संध्याकाळी आहेत. नाटक नाही, दुसरं कुणी नाही, ताई आणि तिच्या कविता. एक खुर्ची शिल्लक नाही. तिकीटवाला लोकांना परत पाठवतोय आणि चक्क हसतोय.

आता लिहायला का बसलो ते सांगतो. शेवटची कविता बाबांवर आहे, टाइपरायटरच्या खडखडाटात पोरांना झोपवणाऱ्या माणसावर. सगळ्यांत चांगली तीच. सकाळी ताईने ते पान काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "ते समोर नसताना त्यांच्याविषयी बोलणं म्हणजे चहाडी. नाही वाचणार." आई, रविवारी परत कार्यक्रम आहे. काहीही कर, रुसून बस, जेवण टाक, पण त्यांना घेऊन ये.

थांब, तिकीटवाला हाक मारतोय. कुणी म्हातारा म्हणे ऐकतच नाही, जागा नसेल तर मागे उभा राहीन म्हणतो.

आई, बाबा आलेत. एकटेच, इस्त्रीचा शर्ट घालून. तुला सांगून निघालेत का गं? मला बघून म्हणाले, "तिला कळवू नकोस, उगाच बुजेल." मी त्यांचं कधी ऐकलंय? धावत जाऊन सांगितलं. ताईने हात पुढे केला आणि ते पान मागून घेतलं.

तुझाच,
एका जागी न टिकणारा भोवरा