बाराव्या ओळीतली भुरी

७ जुलै
सात नंबरच्या पॉलीहाऊसमध्ये भुरी! बारावी ओळ — पांढऱ्या गुलाबाची ती एकच. कोवळी पानं वळलेली, वर पीठ भुरभुरल्यासारखं. माझं काम एवढंच — गुलाब तपासायचे, रोग दिसला की पिवळी फीत बांधायची. फीत दिसली की फवारणीवाले आत जातात. म्हणजे सिमियूचे बाबा जातात. माझा नवरा. रविवारी चर्चमध्ये खोकून खोकून बाहेर जाऊन बसले. मास्क तर जुनाट!

नाही बांधली फीत. खिशात घातली.

९ जुलै
रोगट पानं खुडून आणली, चुलीत घातली. इथली जुलैतली थंडी सरली की भुरी आपोआप जाईल. जाईल ना?

१२ जुलै
बाराव्या ओळीत एक ठिपका नाही! देवा, तुझे उपकार. आता रोज बघायला नको. फवारणी नाही म्हणून हे सध्या आमच्याच पॉलीहाऊसमध्ये नळ्या दुरुस्त करतात. जेवताना म्हणाले, "काय गं, आज मक्याच्या उगालीबरोबर चक्क मासा? लॉटरी लागली का?" मी नुसती हसले.

१६ जुलै
मेले मी! चौदा, पंधरा, वीस — सगळीकडे भुरी. कळ्यांच्या मानेवरसुद्धा. आमच्या सुपरवायझर जेरोटिचबाई सगळ्यांदेखत ओरडल्या, "नफुला, डोळे फुटले होते का तुझे? वेळेवर फीत बांधली असतीस तर एका ओळीवर भागलं असतं!"

आता तीन दिवस सगळं पॉलीहाऊस फवारायचं. यांना म्हटलं, आजारी आहे म्हणून सांगा. "मी नाही तर कोण? तो ओपियो? त्याला नळी धरता येत नाही धड!"

१९ जुलै
तिसरा दिवस. यांचे ओठ निळे पडलेत. आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसलेत. मी केलं हे. सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "पाणी दे आधी."

२३ जुलै
गेले. हॉस्पिटलात. मी चहा आणायला खाली उतरले होते.

सांगायचं राहूनच गेलं.

२ ऑगस्ट
यांच्या गावी, बुंगोमाला, यांना माती देऊन परतले. फार्मवरून त्यांचे कामाचे कपडे आले होते. धुवायला घेतले. खिशात कागदाची पुडी — भुरीची वाळकी पानं. मूठभर. त्यात एक पांढरी कळी.

म्हणजे बारा तारखेला भुरी गेली नव्हती. त्यांनी खुडली होती — मला कुणी बोलू नये म्हणून.